बाहेरून आलेल्या गाडीचा विमा: गाडीचा भाव उतरतो, पार्टचा नाही

जपानहून जहाजात बसून आलेली साठ-सत्तर लाखांची मोठी गाडी आणि तिच्या बाजूला उभी असलेली सरपंचांची स्कॉर्पिओ. दोघींच्या विम्यातला कायद्यानं सक्तीचा जो भाग आहे, त्याचा हप्ता किती वेगळा असेल? एका रुपयाचाही फरक नाही. दोघींनाही वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे आणि मग कॅल्क्युलेटरकडे बघतो.

मी तालुक्याच्या गावी विम्याचे फॉर्म भरतो. ट्रॅक्टर, पिकअप, मोटारसायकल हे रोजचं काम. पण गेल्या काही वर्षांत आमच्या भागात बाहेरच्या गाड्याही दिसू लागल्या आहेत. संत्र्याचा व्यापारी, वणीकडचा कोळशाचा ठेकेदार, जमीन समृद्धी महामार्गात गेलेला शेतकरी, कुणी ना कुणी नागपूरहून सेकंडहँड इम्पोर्टेड गाडी घेऊन येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "भाऊ, हिचा इन्शुरन्स किती बसते?" एका आकड्यात याचं उत्तर देता येत नाही. कारण पावती एक असली तरी तिच्यात सौदे दोन असतात, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

पहिला सौदा थर्ड पार्टीचा. तुमच्या गाडीनं दुसऱ्याला मारलं, जखमी केलं, कुणाची भिंत पाडली, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नं हा विमा सक्तीचा केला आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. हा हप्ता विमा कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी कारला १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७. बस, एवढंच. गाडी पिथमपूरची की टोकियोची, हे तिथं कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नाही. धडक बसलेल्या माणसाचा पाय मोडला तर तो किती लाखांच्या गाडीनं मोडला, यानं त्याच्या दवाखान्याचा खर्च बदलत नाही. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला या विम्यात वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खासगी कारसाठी साडेसात लाखांची आहे.

दुसरा सौदा तुमच्या स्वतःच्या गाडीचा. कागदावर त्याला ओन डॅमेज म्हणतात, बोलताना सगळे ओडी म्हणतात. अपघात, चोरी, आग, पूर, गारपीट यांत तुमच्याच गाडीचं झालेलं नुकसान यातून मिळतं. इम्पोर्टेड गाडीची सगळी गंमत आणि सगळा खर्च या दुसऱ्या सौद्यात आहे.

पण त्याच्या आधी बाहेरची गाडी इथं येते कशी, ते बघू. मोबाईलवर व्हिडिओ बघून डोळे मोठे झालेली पोरं माझ्याकडे येतात. जपानच्या लिलावात दहा वर्षं जुनी चकचकीत गाडी दोन-तीन लाखांत जाते. केनियात, पाकिस्तानात, न्यूझीलंडमध्ये जपानच्या वापरलेल्या गाड्या बोटी भरभरून उतरतात. जपानात आपल्यासारखंच डावीकडून चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं, मग इकडे का आणू नये?

आणता येत नाही म्हणून. आपल्या आयात धोरणानुसार वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली नसावी. स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, पुढची पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याजोगी असावी, आणि ती मुंबईच्याच बंदरात उतरावी. वरून सीमाशुल्क. पूर्ण बनलेल्या महागड्या गाडीवरचं शुल्क कित्येक वर्षं गाडीच्या किमतीइतकंच राहिलं, वापरलेल्या गाडीवर त्याहूनही जास्त. म्हणजे तीन वर्षांच्या आतली, मुळातच महाग, आणि इथं उतरेपर्यंत दुपटीच्या वर गेलेली गाडी. व्हिडिओतली दोन लाखांची गाडी या चाळणीतून पडत नाही. मुलगा लंडनला असेल तर त्याची गाडी निदान उजव्या स्टिअरिंगची तरी असते. अमेरिकेतल्या भाच्याची गाडी तिथंच राहू द्यावी. डाव्या स्टिअरिंगची गाडी आपल्या रस्त्यावर चालवायलाही कायद्यात कलम १२० ची अट आहे: ठरवून दिलेलं सिग्नलचं साधन तिला बसवलेलं आणि चालू हवं. परदेशी पाहुणे कधीमधी तशी गाडी घेऊन नागपूर-जबलपूर रस्त्यानं जाताना दिसतात. तो तात्पुरत्या परवान्याचा वेगळा मामला आहे.

तेव्हा आमच्याकडे येणारी इम्पोर्टेड गाडी बहुतेक वेळा कंपनीनंच भारतात रीतसर विकलेली, शुल्क भरलेली आणि नंतर दोन-तीन हात फिरलेली असते. त्यातल्या बऱ्याच डीएल पासिंगच्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची तलवार लटकत आली. त्यामुळे आठव्या-नवव्या वर्षाला टेकलेली मोठी डिझेल गाडी तिकडे पडत्या भावात निघते आणि इकडे एनओसी घेऊन एमएच पासिंग होते. यात गैर काही नाही. घेणाऱ्याला गाडी स्वस्त पडली, एवढं खरं.

आता विमा. ओडीचा हप्ता ज्या आकड्यावर उभा राहतो त्याला आयडीव्ही म्हणतात, म्हणजे विम्यापुरती मानलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पार भंगार झाली तर जास्तीत जास्त एवढेच पैसे मिळतात. नव्या गाडीची शोरूम किंमत घेऊन वयाप्रमाणे घसारा, म्हणजे वापरानं किमतीत झालेली घट, कापतात: सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, मग तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्याला ४० आणि पाचव्याला ५०. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो; तिथून पुढे तुम्ही आणि कंपनी मिळून किंमत ठरवता. दिल्लीहून आलेली आठ वर्षांची गाडी याच मोकळ्या रानात येते.

त्या किमतीवर टक्केवारी लागते. २००७ पर्यंत ही टक्केवारी सगळ्या कंपन्यांना एकच, सरकारी दरपत्रकातली होती. आता प्रत्येक कंपनी आपापला दर लावते, पण जुनं दरपत्रक अजून अंदाजाला उपयोगी पडतं. त्यात देशाचे दोन भाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद ही आठ शहरं एका भागात, बाकी सगळा देश दुसऱ्या भागात. आपला अख्खा विदर्भ, नागपूर धरून, दुसऱ्या म्हणजे स्वस्त भागात. (विदर्भाला कशात तरी सवलत मिळाली, याचा आनंद मानून घ्यावा.) १,५०० सीसीवरच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीला आपल्याकडे ३.३४३ टक्के, त्या शहरांत ३.४४० टक्के. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला आपल्याकडे ३.५१० टक्के.

हिशेब करून बघू. दोन गाड्या समजा. एक नवी देशी एसयूव्ही, आयडीव्ही १८ लाख. दुसरी आठ वर्षं जुनी इम्पोर्टेड, नवी असताना पाऊण कोटीची, आज ठरवलेली आयडीव्ही १४ लाख. जुन्या दरपत्रकानं पहिलीचा ओडी हप्ता होतो ६०,१७४ रुपये आणि दुसरीचा ४९,१४०. थर्ड पार्टीचे वर्षाला ७,८९७ दोघींनाही, फक्त कोऱ्या गाडीला हा विमा सुरुवातीलाच तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो. वर १८ टक्के जीएसटी. प्रत्यक्षात नव्या देशी गाडीला कंपन्या भरपूर सूट देतात, त्यामुळे तिचा आकडा बराच खाली येतो. जुन्या इम्पोर्टेड गाडीला सहसा हात आखडता असतो. तरीही कागदावर बघा: पाऊण कोटीच्या गाडीचा हप्ता अठरा लाखांच्या गाडीपेक्षा कमी! माणूस खूश होतो. मला मात्र इथंच घाम फुटतो, कारण हप्ता गाडीच्या आजच्या भावावर बसला आणि दुरुस्ती होणार आहे पार्टच्या आजच्या भावावर. गाडी आठ वर्षांत साठ लाखांनी उतरली. तिच्या बंपरला ते कुणी कळवलेलं नाही.

पार्ट इतके महाग का

पहिलं कारण कुणालाही सुचेल: पार्ट बाहेरून येतो, त्याच्यावरही शुल्क आणि भाडं पडतं, आणि जिल्ह्यात अशा तीन-चारच गाड्या असल्यावर दुकानदार तो आणून ठेवत नाही. दुसरं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे स्टिअरिंगची बाजू.

जगातली बहुतेक वाहतूक उजवीकडून चालते आणि बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. डावीकडून चालणारे आपण, इंग्लंड, आयर्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, थायलंड, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, आणि शेजारचे पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, भूतान. माणसं मोजली तर जगातली तिसरा हिस्सा, पण महागड्या गाड्यांचा मोठा बाजार अमेरिका, युरोप आणि चीन, म्हणजे पलीकडच्या बाजूला. त्यामुळे काही गाड्या आपल्या बाजूच्या बनतच नव्हत्या. फोर्डची मस्टँग १९६४ पासून निघते, पण कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची मस्टँग निघायला २०१५ उजाडलं, आणि २०१६ मध्ये ती भारतात आली. हा बाजूचा प्रश्न किती पैशाचा असतो ते सामोआ नावाच्या छोट्या बेटदेशाला विचारा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात म्हणून त्यांनी सप्टेंबर २००९ मध्ये सगळ्या देशाची वाहतूकच उजवीकडून डावीकडे वळवली.

आता गाडीचं बोनेट उघडून बघा. इंजिन, गिअरबॉक्स, बोनेट, छत, मागचा बंपर हे दोन्ही बाजूंच्या गाड्यांत बहुधा एकच असतात. वेगळे असतात ते स्टिअरिंगचा रॅक, डॅशबोर्ड आणि त्याच्या आतली एसीची नळकांडी, ब्रेकचा बूस्टर, वायपरची जोडणी, ड्रायव्हरची एअरबॅग, दारांवरची बटणं. आणि हेडलाइट. हेडलाइट का? कारण डिपरवर असताना झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून तो रस्त्याच्या कडेकडे थोडा वर उचललेला असतो. आपल्याकडे कड डावीकडे, अमेरिकेत उजवीकडे. तिकडचा हेडलाइट इथं बसवणं म्हणजे डाव्या पायात उजवा जोडा: बसतो, पण चालायचं कसं? रात्री समोरून येणारा कापसाचा ट्रकवाला तुम्हाला मनापासून आशीर्वाद देईल.

यातली वाईट गोष्ट अशी की नेमके हेच पार्ट समोरच्या धडकेत जातात. म्हणजे जगभर ढिगानं मिळणारे इंजिनचे पार्ट शाबूत आणि मोजक्या देशांपुरते बनलेले हेडलाइट, डॅशबोर्ड, एअरबॅग खल्लास. अमेरिकेतल्या एखाद्या साइटवर तोच हेडलाइट अर्ध्या किमतीत दिसतो, लोक स्क्रीनशॉट घेऊन येतात. तो तुमच्या गाडीचा हेडलाइट नव्हे.

रोही आडवी आली तर

आमच्याकडे समोरची धडक म्हटली की ट्रकच हवा असं नाही. रोही, म्हणजे नीलगाय, पुरेशी आहे. दोनशे किलोचं जनावर रात्री तुरीच्या वावरातून उडी मारून डांबरी रस्त्यावर येतं, ब्रेक लागेपर्यंत बोनेटवर असतं आणि पाय काचेतून आत. रानडुक्कर बुटकं, ते बंपर आणि रेडिएटर घेऊन जातं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर अशा वेळी एक पैसाही मिळत नाही. रोहीचा कुणी वारसदार भरपाई मागायला येणार नाही, आणि तुमच्या गाडीचं त्या विम्यात काही नाही. ओडी असेल तर हा अपघातच आहे, क्लेम बसतो.

पण बसतो किती? आपली तीच आठ वर्षांची, १४ लाख आयडीव्हीची गाडी घेऊ. रकमा समजुतीपुरत्या. बंपर ८० हजार, दोन हेडलाइट मिळून २ लाख ४० हजार, बोनेट ९० हजार, रेडिएटर आणि पुढचं लोखंडी काम ६० हजार, समोरची काच ७० हजार, मजुरी ४० हजार. बिल झालं ५ लाख ८० हजार.

सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, येतो. नुकसान ५० हजारांच्या वर असल्यामुळे परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. तो प्रत्येक पार्टवर घसारा कापतो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरळ ५० टक्के, गाडी कालची असो की आठ वर्षांची. फायबर ग्लासवर ३० टक्के. काचेवर शून्य. धातूवर गाडीच्या वयाप्रमाणे: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. मजुरीवर काही कापत नाहीत. मग आपल्या हिशेबात बंपरचे ४० हजार मंजूर, हेडलाइटचे १ लाख २० हजार, बोनेटचे ५४ हजार, लोखंडी कामाचे ३६ हजार, काचेचे पूर्ण ७०, मजुरीचे पूर्ण ४०. एकूण ३ लाख ६० हजार. त्यातून १,५०० सीसीवरच्या गाडीला सक्तीनं कापायचे २,००० वजा. हातात ३ लाख ५८ हजार. उरलेले २ लाख २२ हजार मालकाच्या खिशातून.

"मंग इन्शुरन्स काढला कायले?" हा प्रश्न मला काउंटरवर अनेकदा ऐकू आला आहे. त्याचं उत्तर झिरो डेप नावाच्या जोडीच्या कव्हरात आहे. ते असेल तर हा घसारा कापत नाहीत. पण ते सहसा पहिल्या पाच वर्षांपर्यंत, काही कंपन्यांत सातपर्यंत मिळतं. ज्या वयात दिल्लीची गाडी आमच्याकडे पोचते, त्या वयात त्याचा दरवाजा बंद झालेला असतो किंवा होत आलेला असतो. स्वस्त गाडीची खरी किंमत ती ही. कंपन्या मूर्ख नाहीत. गाडीचा भाव उतरलेला आणि पार्टचा भाव चढलेला, अशा ठिकाणी घसारा सोडून देणं त्यांना परवडत नाही.

याचंच मोठं रूप टोटल लॉसमध्ये दिसतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत नाही, आयडीव्ही देऊन फाइल मिटवते. १४ लाखांच्या गाडीला ही रेघ साडेदहा लाखांवर. देशी गाडीला एवढं नुकसान व्हायला तिचा चुराडा व्हावा लागतो. इम्पोर्टेड गाडीत दोन-चार एअरबॅग फुटल्या, डॅशबोर्ड गेला, सेन्सर गेले की आकडा तिथवर पोचतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गाडी तर नीट उभी आहे! म्हणून हप्ता वाचवायला आयडीव्ही पाडून घेऊ नका. दोन लाखांनी आयडीव्ही पाडली तर वर्षाला सातेक हजार वाचतात आणि चोरीच्या दिवशी दोन लाख जातात. फुगवूनही उपयोग नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत बाजाराला धरूनच मान्य होते.

एक खर्च शहरातले लेखक लिहीत नाहीत, कारण त्यांना तो पडत नाही. टोचन. खासगी कारच्या मूळ पॉलिसीत अपघातानंतर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत उचलून न्यायला जास्तीत जास्त १,५०० रुपये आहेत. आमच्या तालुक्यात पिकअपला बोनेटपासून डिक्कीपर्यंत सरळ करणारे डेंटर आहेत, हात सोन्याचे. पण या गाडीला संगणक जोडल्याशिवाय फॉल्ट दिसत नाही, तिला नागपूरच गाठावं लागतं. यवतमाळहून दीडशे किलोमीटर, अहेरी-सिरोंच्याकडून त्याच्या दुप्पट आणि वर. तेवढ्यासाठी फ्लॅटबेड गाडी दीड हजारात येत नाही. रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात अडकल्यावर मदतीचं जोडकव्हर, घेतलं असेल तर त्यातही किलोमीटरची हद्द असते, ती वाचा. माझ्या मते गावातल्या इम्पोर्टेड गाडीला यापेक्षा उपयोगी जोडकव्हर दुसरं नाही. फक्त हद्द तुमच्या घरापासून नागपूरपर्यंत पुरणारी हवी. दुसरं उपयोगी कव्हर इंजिनचं. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली, बंद पडली आणि परत सेल्फ मारला, की पाणी आत जाऊन इंजिन फुटतं. मूळ पॉलिसी हे मागाहून झालेलं नुकसान म्हणून नाकारते. तसंही पाणी असताना पुलावर जाऊ नये, पण पावसाळ्यात आमच्याकडे ते ऐकतं कोण.

नो क्लेम बोनस इथं जपून वापरावा लागतो. क्लेम नसेल तर ओडी हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ती शून्यावर. ओडी लाखभर असेल तर ५० टक्क्यांचा बोनस म्हणजे वर्षाला ५० हजार. पंचवीस हजारांच्या आरशासाठी तो घालवणारे मी बघितले आहेत. आणि हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा सांगतो, "पन्नास टक्के बोनसवाली पॉलिसी आहे, फक्त नाव बदला." नाव बदलताना बोनस त्याच्याकडेच राहतो आणि फरकाचे पैसे तुम्हाला भरावे लागतात. नाव बदलायला मुदत १४ दिवसांची. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप तुमच्याकडे येतो, पण ओडीत नाव बदललेलं नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनी म्हणते, तुम्ही कोण? पॉलिसी संपून ९० दिवस गेले तरी बोनस जातो, आणि मधे एका दिवसाचा जरी खंड पडला तरी कंपनी आधी गाडीची पाहणी करते.

दूतावासातल्या किंवा तशाच सवलतीत, शुल्क न भरता आलेल्या गाड्या हा एक वेगळा प्रकार. जुन्या दरपत्रकात त्यांच्या ओडी हप्त्यावर ३० टक्के जादा लावायची तरतूद होती. आमच्याकडे अशी गाडी क्वचितच येते. त्याहून काळजीची गोष्ट शुल्क चुकवून आलेल्या गाड्यांची. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागानं 'ऑपरेशन नुमखोर' नावानं केरळात छापे टाकले. भूतानमधून चोरट्या मार्गानं आणून, खोट्या कागदांवर इथं पासिंग केलेल्या महागड्या गाड्या त्यात पकडल्या. भूतान डावीकडून चालणारा देश, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे गाडीकडे बघून कुणाला शंका येत नाही. अशी गाडी तिसऱ्या-चौथ्या हातानं तुमच्याकडे आली, तुम्ही तिचा रीतसर विमा काढला आणि एक दिवस सीमाशुल्कवाले घेऊन गेले, तर विमा कंपनी काही देणार नाही. जप्ती हा अपघात नव्हे. म्हणून इम्पोर्टेड गाडी घेताना आरसीवर समाधान मानू नका. ती कंपनीच्या भारतातल्या डीलरनं विकली असेल तर पहिलं बिल मागा, कुणी स्वतः आणली असेल तर सीमाशुल्क भरल्याचे कागद मागा, आणि चेसिस नंबर गाडीवर जाऊन ताडून बघा.

डाव्याचं उजवं करून घेतलेलं स्टिअरिंग दिसलं तर दोन पावलं मागे या. डॅशबोर्ड कापून, रॅक फिरवून असं काम करणारे कारागीर आहेत. पण उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेम नाकारायला आयतं कारण देतो.

आणखी एक धंदा मी डोळ्यांनी बघतो. मोठी गाडी घरी आहे, मग लग्नसराईत ती नवरदेवासाठी भाड्यानं जाते. फुलांच्या माळा, बोनेटवर हार, वर ड्रोन. दिवसाचे दहा-पंधरा हजार सुटतात. पॉलिसी खासगी गाडीची आहे आणि तिच्यात भाड्यानं वापर स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. नातलगाच्या लग्नात फुकट नेली तर हरकत नाही. पैसे घेतले, अपघात झाला आणि मंडपवाल्याच्या बिलात 'कार' अशी ओळ सापडली, तर ओडीचा क्लेम गेला. हंगामाची कमाई एका हेडलाइटलाही पुरत नाही.

ही गाडी बहुतेक वेळा मालक स्वतः चालवत नाही, ड्रायव्हर असतो. त्या ड्रायव्हरला काही झालं तर मालकावर येणारी कायदेशीर जबाबदारी झाकणारं एक कव्हर आहे, वर्षाला ५० रुपयांचं. लाखाच्या पावतीत ही पन्नास रुपयांची ओळ बऱ्याचदा रिकामी सुटते, कारण ऑनलाइन फॉर्म भरणारा पुढे-पुढे करत जातो आणि मालक शेवटचा आकडाच बघतो. ती ओळ भरून घ्या. मालकाचा स्वतःचा १५ लाखांचा अपघात विमा वेगळा असतो, आणि त्याला मालकाच्या नावचा चालू परवाना लागतो. ड्रायव्हरचा चालत नाही.

सौदा करण्याआधी एक फोन करा. विकणाऱ्याला नको, नागपूरच्या त्या कंपनीच्या वर्कशॉपला. चेसिस नंबर द्या आणि तीनच भाव विचारा: एका बाजूचा हेडलाइट, समोरची काच, ड्रायव्हरची एअरबॅग. पार्ट यायला किती दिवस लागतील, तेही. मग मला फोन करून झिरो डेप मिळतं का ते विचारा. मिळत नसेल तर त्या भावांतला अर्धा तुमचा असं धरून गाडीची किंमत पाडून मागा. विकणाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं. म्हणूनच तो गाडी विकतोय.